माइकची वायर आणि पांदण

पहिल्या व्याख्यानाला एकशे दहा श्रोते होते असं अहवालात लिहिलंय आणि ते खोटं नाही, फक्त त्यातले एकशे सात आमचेच पोट्टे-पोट्ट्या, दोन शिपाई आणि एक पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. बॅनरवर मोठ्या अक्षरात 'सार्वजनिक व्याख्यानमाला', खाली विषय 'समाजबांधणी', आणि त्या सार्वजनिकपैकी तो ड्रायव्हर एकटाच म्हणायचा, तोही ऊन लागत होतं म्हणून आत येऊन बसला होता.

बरेच दिवस ब्लॉगवर काही टाकलं नव्हतं, सेमिस्टरच्या पेपरांत डोकं वर काढायला वेळ नव्हता, पण हे लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून बसले. थोडं लांबण लागेल, आधीच सांगते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तासाला पैसे आणि सुट्ट्यांत घरी. कॉलेजचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, आमच्याकडची दहातली आठ कॉलेजं अशीच आहेत. तर नवीन शैक्षणिक धोरण आलं २०२० चं, त्यात पदवी चार वर्षांची, चौथं वर्ष केलं की 'ऑनर्स'. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांत हे २०२४-२५ पासून लागू झालं, त्यामुळे चौथं वर्ष आमच्या कॉलेजात अजून उगवायचंय, पण ऑनर्सचा बोर्ड मात्र दारावर लागून गेला. हुशार म्हणून पंचवीस मुलं-मुली निवडली, त्यांना 'ऑनर्स ग्रुप' नाव दिलं, आणि या ग्रुपनं काहीतरी करून दाखवायचं म्हणून ही व्याख्यानमाला. चार व्याख्यानं, महिन्याला एक, ऑक्टोबर ते जानेवारी. जबाबदारी कोणाची? तासिकावाल्या मॅडमची. परमनंट लोकांना नॅकचं, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या तपासणीचं, काम होतं.

ऑक्टोबर ते जानेवारी. हे महिने कोणी ठरवले ते आठवत नाही, बहुतेक मीच मान डोलावली असेल. आता वाचणाऱ्यांत विदर्भातलं कोणी असेल तर त्याला लगेच कळलं असेल मी काय करून बसले ते. हा कापूस वेचायचा हंगाम. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झालं की बाया सकाळी आठला डबा घेऊन वावरात जातात आणि अंधार पडता पडता येतात, आणि आमचं व्याख्यान दुपारी चारला.

पहिल्याला पाहुणे चांगले होते, मनापासून बोलणारे. पण चार वाजताचं सुरू झालं पावणेपाचला, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ. श्रीफळ सात जणांना. संस्थेचे पदाधिकारी, त्यांच्याबरोबर आलेले, त्यांच्याबरोबर आलेल्यांच्या बरोबर आलेले. पाहुणे माइकसमोर उभे राहिले तेव्हा साडेपाच वाजले होते आणि पाच पस्तीसला आमच्या मुलींची शेवटची यष्टी. मुली एकेक करून वाकून, बॅग पोटाशी धरून, मागच्या दारानं निघाल्या. पाहुणे बोलत होते, 'समाज म्हणजे एकमेकांसाठी थांबणं', आणि समोरून ओळीच्या ओळी उठून जात होत्या. मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. त्यात मध्येच फोटोवाला आला. जिओटॅगचा फोटो लागतो ना, अक्षांश-रेखांश आणि तारीख छापलेला, नॅकच्या फायलीला, तर त्यानं पोरांना सांगितलं मागच्यांनी पुढं या, रिकाम्या खुर्च्या दिसून रायल्या. आली पोरं पुढं. फोटोत हॉल भरगच्च.

दुसऱ्या व्याख्यानाचं काही विशेष सांगण्यासारखं नाही. तसंच झालं, फक्त श्रीफळ पाच.

त्यानंतर ऑनर्स ग्रुपची मीटिंग घेतली, स्टाफरूमच्या बाहेर कडुनिंबाखाली. मी विचारलं, गावातले लोक काहून येत नाहीत? पोरं ठरलेली उत्तरं द्यायला लागली, जागृती नाही, लोकांना मोबाइलशिवाय काही सुचत नाही, शिक्षण कमी. मीही हो हो करत होते. तेवढ्यात एक मुलगी, ती जास्त बोलत नाही, दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यातून येते, ती म्हणाली, "मॅडम, माही माय बी नाई आली. तिले मी सांगतलं बी नाई. सांगून काय करू, ती दुपारी चारले वावरात रायते."

झालं. पुढं कोणी जागृतीचं बोललं नाही.

मला त्या वेळी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची आठवण झाली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली, दीडशे वर्षं झाली तिला. आपण नाव ऐकतो, मोठमोठे वक्ते ऐकतो, पण नावातच ऋतू आहे हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ती तिथल्या माणसांच्या सवडीनं बसवलेली गोष्ट होती, वसंतातल्या संध्याकाळी, शहरातल्या नोकरदार-विद्यार्थ्यांना जमेल अशी. आम्ही तिची नक्कल करताना बॅनर घेतला, समई घेतली, वेळेचं शहाणपण तेवढं तिथंच राहिलं.

आणि पुण्यापर्यंत जायची तरी काय गरज होती. आमच्या विद्यापीठाचं नाव काय? संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. प्रत्येक मार्कशीटवर छापलेलं. बाबा १८७६ साली अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावात जन्मले, २० डिसेंबर १९५६ ला गेले, आणि मधल्या काळात त्यांनी सगळ्या महाराष्ट्रात जी कीर्तनं केली तीच आमच्याकडची खरी सार्वजनिक व्याख्यानं. गावात आले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं, गटारं साफ करायची, म्हणजे गावातल्या प्रत्येकाला कळायचं कोण आलंय, पोरं मागं लागायची, एखादी बाई घरातला झाडू घेऊन बाहेर यायची. मग रात्री कीर्तन, कामं आटोपल्यावर. आणि ते बोलायचे वऱ्हाडीत, समोरच्याला प्रश्न विचारत विचारत. देव कुठं राहतो, त्याला निवद दाखवला तर खातो का, कर्ज काढून लग्न कायले करता, आणि लोक उत्तर द्यायचे. समोरच्यानं तोंड उघडल्याशिवाय त्यांचं कीर्तन पुढं सरकतच नव्हतं. आमच्या व्याख्यानमालेत शेवटी 'कोणाला काही प्रश्न?' असं म्हणतात आणि त्याच दमात आभाराला सुरुवात करतात.

तर ठरलं की तिसरं व्याख्यान कॉलेजात नाही. डिसेंबरात आपल्या रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर असतं दत्तक गावात, तिथंच घ्यायचं, २० तारखेला बाबांच्या पुण्यतिथीला, रात्री साडेआठला. रासेयो १९६९ साली गांधी शताब्दीत निघाली तेव्हाची कल्पनाच ही की कॉलेजच्या पोरानं गावात जाऊन राहावं. आमचं शिबिर म्हणजे सकाळी नाली खोदणं, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक. बौद्धिकाला गावातलं कोणी नसतं, सांस्कृतिकला अख्खं गाव असतं. म्हटलं मग सांस्कृतिकच्या आधीच घालू.

परवानगी मिळाली, फक्त फोटो पायजे असं बजावून.

आता जागा. इथं मी खरी शिकले, आणि मी समाजशास्त्र शिकवते हे लक्षात घ्या. गावातले दोन म्हातारे म्हणाले मारुतीच्या पारासमोर ठेवा, जागा मोठी, लाइट आहे, मंडळाची सतरंजी आहे. मी लगेच हो म्हटलं. चहा घेऊन बाहेर पडलो तर आमच्या ग्रुपमधला एक पोरगा, त्याच गावचा, माझ्या बाजूनं चालता चालता हळूच म्हणाला, "मॅडम, तथी ठेवलं तर आमच्या वस्तीतले नाई येत." मी विचारलं कोणी अडवतं का. तो म्हणे, "नाई, अडवत कोणीच नाई. पण येत नाईत." मग विहाराचा हॉल? तर तो हसला, म्हणाला, "मंग तिकडचे नाई येत. अडवत आमी बी नाई." ग्रामपंचायतीसमोर? तिथं सध्याच्या सरपंचाचं पॅनल आणि पडलेलं पॅनल यांचं जमत नाही. शेवटी उरली जिल्हा परिषदेची शाळा. शाळेच्या वऱ्हांड्यावर कोणाचाच झेंडा नाही, सगळ्यांची लेकरं तिथं शिकली किंवा शिकून राहिली. एका गावात चारशे लोकांनी बसायला एवढी एकच जागा, हे मी वर्गात 'सामाजिक अवकाश' या नावाखाली तीन वर्षं शिकवत होते, डिक्टेट करत होते, आणि पाराला हो म्हणून मोकळी झाले होते.

साडेआठची वेळही पूर्ण जमली नाही. शेतीची थ्री फेज लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे गहू-हरभरा असलेले गडी टॉर्च घेऊन ओलिताला गेले. पण गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आटोपली आणि तीच माणसं सतरंजी खांद्यावर टाकून शाळेत आली, हे मला फार आवडलं. तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८, जन्म यावलीचा, आश्रम मोझरीला) खेड्याखेड्यात ही संध्याकाळी एकत्र बसायची सवय लावून ठेवली म्हणून आमचं अर्धं काम झालेलं होतं. दीडशेच्या वर माणसं. बाया मात्र वऱ्हांड्यावर आल्या नाहीत, त्या मागं हापशीजवळ चप्पल टेकून बसल्या, लेकरं मांडीवर. मी त्यांच्यातच जाऊन बसले, एक तर तिथं शेकोटी होती आणि दुसरं म्हणजे स्टेजवर मला खुर्ची नव्हती.

वक्ते गडचिरोलीहून आलेले, वनहक्कावर बरीच वर्षं काम केलेले. त्यांनी मेंढा-लेखाची गोष्ट सांगितली. धानोरा तालुक्यातलं गोंड गाव, छोटंसं. तिथं लोकांनी आधी काही मागायला जायच्या ऐवजी अभ्यास गट सुरू केला. बसायचं, कायदा वाचायचा, बाहेरच्या कोणाला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, आणि निर्णय मात्र अभ्यास गटात नाही, ग्रामसभेत, तोही मतदानानं नाही तर सगळ्यांच्या संमतीनं. एकजण जरी नाही म्हणाला तरी थांबायचं. गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबतीनं काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील, आणि ती घोषणा तर ऐकलीच असेल, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गोंडीत 'मावा नाटे मावा राज'. वनहक्क कायदा झाला २००६ चा, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सुरुवातीला मिळाला त्यांच्यात हे गाव. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, तो हातात यायला २७ एप्रिल २०११ उजाडला, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. कागदावर हक्क आणि हातात पास यांच्यात दोन वर्षं. हे सांगताना वक्ते थांबले आणि म्हणाले, ही दोन वर्षं गाव एकत्र राहिलं कारण त्याच्या आधीची वीस वर्षं ते बसायला शिकलं होतं.

त्यांनी मग गाडगेबाबांसारखंच केलं, कदाचित तारीख बघूनच. म्हणाले, तुमच्या गावचं बांबूचं जंगल नाही, तुमचं काय आहे जे सगळ्यांचं आहे आणि कोणाचंच नाही?

थोडा वेळ कुजबुज. मग पहिल्या ओळीतून कोणीतरी म्हटलं, पांदण.

आणि भाऊ, काय सांगू, तो शब्द निघाला अन् शाळेचं रूपच बदललं. जे लोक हाताची घडी घालून बसले होते ते गुडघ्यावर आले. बाहेरच्यांसाठी सांगते, पांदण म्हणजे वावरात जायचा गाव-रस्ता, सरकारी कागदात त्याला पाणंद म्हणतात. या गावची मोठी पांदण नाल्याकडे जाते, दीडेक किलोमीटर, नकाशावर बैलबंडी समोरासमोर पास होतील एवढी. प्रत्यक्षात दोन्हीकडच्यांनी दरवर्षी एकेक तास, म्हणजे पिकाची ओळ, आत घातला, धुरा (वावराचा बांध) सरकत सरकत आला, आता काही ठिकाणी एक बंडी जाते तीही काटेरी कुंपणाला घासून. आणि काळी जमीन. पावसात गुडघाभर गारा, म्हणजे चिखल. बैल रुततात, ट्रॅक्टर तर जातच नाही, सोयाबीनची थप्पी वावरात भिजते कारण थ्रेशर नेता येत नाही.

माइक फिरवा म्हणाले. फिरवला. एक म्हणे अमक्यानं दाबलं, अमका म्हणे आधी नाल्यापासून मोजा, तिसरा म्हणे आमची पट्टी सरकारनं लिहून दिलीय. सगळे जमीनवाले, सगळे आपापल्या धुऱ्यावर उभं राहून बोलल्यासारखे.

माझ्या शेजारी एक मावशी बसली होती, पन्नाशीची असेल, हाताची बोटं बोंडाच्या टोकांनी चिरलेली, नखाजवळ काळे काप पडलेले, त्यावर तिनं शेकोटीची राख नाही तर हळद लावलेली होती, नीट दिसत नव्हतं. ती कोणाकडं न बघता म्हणाली, "वावर त्यायचं. पण त्या पांदणीतून चालते कोण?" मी म्हटलं काय म्हणता मावशी. तर म्हणे, "बंडी जात नाई तं कापूस कोण आणते? आमीच आणतो डोक्शावर. किलोनं येचाचे पैशे देतात, आणाचे कोणी देत नाई. त्यायची बंडी फसते, आमचा पाय फसते. माह्या जावेचा पाय मोडला तथी गेल्या साली."

आजूबाजूच्या बाया हो व माय, हो करायला लागल्या. मी उठून हात वर केला, म्हटलं माइक इकडं द्या. पोरगा माइक घेऊन धावला आणि वऱ्हांड्याच्या दुसऱ्या पायरीवर झटका बसल्यासारखा थांबला. वायर संपली. हापशी तिथून वीस-पंचवीस पावलं. तो तिथून म्हणाला, मॅडम, बाईंना इकडं पाठवा. मावशीनं पदर तोंडावर घेतला, म्हणे नाई नाई, मी कायले, तुमीच सांगा ना मॅडम.

मी सांगायला निघाले होते. चार पावलं गेलेही. मग वाटलं मी माझ्या पुस्तकी भाषेत 'भूमिहीन महिला मजुरांचा दृष्टिकोन' असं काहीतरी बोलणार, टाळ्या पडणार, आणि मावशी हापशीजवळच राहणार. हे मी फार शहाणपणानं केलं असं समजू नका, मी नुसती अर्ध्या वाटेत गोंधळून उभी राहिले, माइक तिकडं, मावशी इकडं, आणि मध्ये मी. तेवढ्यात ती न बोलणारी मुलगी, जिची माय दुपारी चारला वावरात असते ती, उठली आणि साउंडवाल्याला म्हणाली, "दादा, बंद करा ते." त्यानं बंद केलं. ती वक्त्यांना म्हणाली, सर, तुमी इकडं या ना, इथं शेकोटी बी हाय.

ते आले, चप्पल न घालताच. मग पुढच्या ओळीतल्यांना मान मागं वळवून ऐकावं लागलं, मग अंग वळवावं लागलं, मग काही उठून जवळ आले, आणि दहा मिनिटांत सभेचं तोंडच हापशीकडं झालं. मावशी बोलली. उभी नाही राहिली, बसूनच, आगीकडं बघत, वर लिहिलंय तेवढंच बोलली, जावेच्या पायाचं दोनदा सांगितलं. कोणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारे गृहस्थ, त्यांची बरीच जमीन आहे, ते फक्त म्हणाले, "हे खरं हाय."

आता इथं मी लिहिलं असतं की त्या रात्री गाव एक झालं वगैरे, तर तुम्ही मला ओळखणाऱ्यांनी तोंडावर हसला असता. काही एक झालं नाही. सांस्कृतिक सुरू झालं, पोरांनी नाटुकलं केलं, एकानं दारुड्याचा रोल एवढा मस्त केला की सगळे पांदण विसरले. पण जाता जाता चौथं व्याख्यान कशावर ते गावानं ठरवून दिलं. आमच्या बॅनरवर चौथा विषय होता 'डिजिटल युगातील समाजबंध'. गाव म्हणे, ते नंतर, आधी पांदणीचा कायदा सांगणारा माणूस आणा.

आणला. महसूल खात्यातून रिटायर झालेले एक काका, भाषणाची सवय नसलेले, हे त्यांचं पहिलं 'व्याख्यान'. जानेवारीत, रविवारी सकाळी सातला, कारण यावेळी वेळ मावशींच्या ग्रुपनं दिली होती, वेचायला जायच्या आधी. माइक नाही. समई नाही. श्रीफळं मात्र कॉलेजनं चार पाठवली होती, सत्कार करा म्हणून.

काकांनी तालुक्यातून गाव नकाशाची प्रत आणली होती, मोठी, घड्या पडलेली. ती सतरंजीवर पसरली. सकाळी वारा. एक कोपरा दाबला की दुसरा उडे. मग कोणीतरी ती चार श्रीफळं चार कोपऱ्यांवर ठेवली, आणि मला आजवर पाहिलेल्या सगळ्या सत्कारांत नारळाचा एवढा चांगला उपयोग दुसरा आठवत नाही.

काका सोपं बोलले. म्हणाले, दोन गोष्टी वेगळ्या समजा. रस्ता आधीपासून वहिवाटीत आहे आणि कोणी अडवला, तर १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम, कलम ५, तहसीलदाराकडं अर्ज. रस्ता नाहीच आणि नवीन पायजे, तर १९६६ ची महसूल संहिता, कलम १४३, धुऱ्यावरून वाट. तुमची पांदण नकाशात आहे, ही बघा तुटक दोन रेघांची, म्हणजे तिसरीच गोष्ट, ही गावाचीच आहे, हिच्यावरचं अतिक्रमण काढायचं. आणि २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे, रोजगार हमीच्या जोडीनं, मुरूम-गिट्टी त्यातून होऊ शकते, पण ग्रामसभेचा ठराव पायजे आणि आधी रस्ता मोकळा पायजे. मोकळा करणं सरकार करत नाही का, तर करतं, पोलीस बंदोबस्तात, जेसीबी लावून, आणि मग पुढची वीस वर्षं दोन घरं एकमेकांच्या मयताला जात नाहीत. त्यापेक्षा आपसात करा.

हे शेवटचं ते वर न बघता, नकाशावर बोट फिरवत बोलले. जन्मभर तेच पाहिलेला माणूस.

मग नकाशावर सगळे वाकले. मावशीला नकाशा वाचता येत नव्हता, पण नाला कुठं ते दाखवल्यावर तिनं तिथून बोट उलटं आणायला सुरुवात केली, "हा बाभळीचा मोड, अथी पाणी साचते, अथी तिचा पाय मोडला, आन अथून पुढं ह्यायची तूर." आणि 'ह्यायची' म्हणताना बोट थांबलं ते आमच्या ऑनर्स ग्रुपमधल्याच एका पोराच्या बापाच्या वावरावर. तो पोरगा तिथंच, वहीत टिपणं घेत होता. पेन थांबला त्याचा. बाप मागं उभा, बिडी विझवून कानाला लावलेली. मी श्वास धरून होते, कारण हे पोरगं आमच्याकडचं सगळ्यात हुशार, आणि मला वाटलं आता हा उठून जाईल.

तो उठला नाही. बापाकडं बघितलंही नाही. वहीत त्यानं लिहिलं, नंतर मी वाचलं, 'बाभूळ मोड ते नाला — आमची तूर, तीन तास.' तीन तास म्हणजे तुरीच्या तीन ओळी. बाप बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "तूर सोंगून होऊ द्या. मंग पाहू." पलीकडच्या धुऱ्यावाल्यानं लगेच म्हटलं, त्यानं काढली तर मी बी काढतो, आधी त्यानं. आणि पहिला म्हणे, आधी मीच काहून. तिथं गाडी अडली, आणि आठ वाजले म्हणून बाया उठून वेचायला गेल्या. त्याच पांदणीतून.

ग्रामसभेत ठराव घ्यायचं बोलणं चालू आहे. मेंढा-लेखासारखी सर्वसहमती वगैरे इथं दूरच, दोघांची सहमती झाली तरी मी पेढे वाटीन. आमच्या ग्रुपची सहा मुलं दर रविवारी जातात, पांदणीची लांबी टेपनं मोजून कुठं किती फूट उरलीय ते वहीत मांडून राहिलीत. याचे क्रेडिट मिळतील का असं एकीनं विचारलं. नियमात समाजाशी निगडित प्रकल्पाचे क्रेडिट आहेत, यात कुठं बसवायचं ते बघते म्हटलं.

कॉलेजात अहवाल दिला. तिसऱ्या व्याख्यानाचा फोटो शेकोटीच्या उजेडातला, कोणाचंच तोंड दिसत नाही, वक्ते पाठमोरे, बॅनर फ्रेमच्या बाहेर. चौथ्याचा तर आणखी वाईट, नुसत्या वाकलेल्या पाठी आणि मध्ये चार नारळ. मला बोलावणं आलं, की मॅडम यात व्याख्यान कुठं दिसून राहिलं? पहिल्याचा फोटो बघा कसा आहे. मी म्हटलं हो सर, तो छान आहे. फायलीत तोच लावलाय, आणि मला पुढच्या वर्षी तासिका मिळतात का ते जूनमध्ये कळेल.

काल रात्री त्या मुलीचा फोन आला. म्हटलं पेपरचं काही विचारायचं असेल. तर म्हणे, मॅडम, माय विचारून रायली, पुढचं कवा हाय. मी म्हटलं अगं संपली ना व्याख्यानमाला, चारच होती. तिकडून मागं तिच्या मायचा आवाज आला, काय म्हणते मॅडम, आणि मग पोरगी म्हणाली, "माय म्हणते, हरभरा सोंगून झाल्यावर ठेवा. त्याच्या आधी कोणाले टाइम नाई."